वेंगुर्ल्यात बघायला काहीच नाही?

आजोळकर
ऑफिसातला एक मित्र मागच्या महिन्यात गाडी घेऊन गोव्याला गेला होता. मीच म्हटलं, येताना वेंगुर्ल्याला थांब, माझं आजोळ आहे. बिचारा थांबला पण. आल्यावर डबा खाताना म्हणतो, "छान आहे रे, स्वच्छ आहे, पण बघायला काहीच नाही. दोन तासांत झालं."

मला आधी राग आला, मग म्हटलं आता याला सुनवू चार गोष्टी, आणि तोंड उघडलं तर काही सुचेचना. मालवणला किल्ला आहे. सावंतवाडीला राजवाडा आणि लाकडी खेळणी आहेत. गोव्याला गोवा आहे. वेंगुर्ल्याला नेमकं काय आहे? बंदर आहे पण जहाज नाही, डच वखार आहे पण छप्पर नाही, बाजार आहे तो कुठेही असतो. आणि तरी मला लहानपणापासून हे गाव इतर गावांसारखं कधीच वाटलेलं नाही. हे फक्त आजोळचं प्रेम आहे की खरंच काहीतरी आहे? तिथले, तिथून आलेले, तिथे राहून कंटाळलेले, सगळ्यांनी लिहा. यादी नको, यादी गुगलवर मिळते.

तिरफळ
पैलो नंबर माझो.
दोन तासात वेंगुर्ला बघून गेलो म्हंजे तेका एसटी स्टँडच दिसलो असतलो.

पाऊसवेडी
यादी नको म्हटलंय तरी देते: सागरेश्वर, मोचेमाड, बंदरावरचा झुलता पूल, सूर्यास्त. झालं. पळा.

आजोळकर
@पाऊसवेडी, झुलता पूल त्याने पाहिला. स्टेटसला फोटो पण होता, बायको आणि मुलगी मधोमध उभ्या आणि मागे समुद्र. तेच तर म्हणतोय, हे सगळं बघूनच 'काहीच नाही' म्हणाला.

जुना_खलाशी
मी खलाशी वगैरे काही नव्हतो, बँकेत होतो, नाव हौसेनं घेतलंय. पण या धाग्यावर लिहायचा थोडा हक्क आहे.

तुमच्या मित्राची चूक नाही. तो गावात मागच्या दारानं शिरला. कुडाळहून किंवा सावंतवाडीहून आलं की आधी शेतं, माड, मग पेट्रोल पंप, मग दुकानं, आणि सगळ्यात शेवटी समुद्र. आमच्या लहानपणी उलटं होतं. आम्ही समुद्राकडून यायचो.

१९६८ साल. मी सात वर्षांचा. सकाळी भाऊच्या धक्क्याला आगबोटीत बसायचं, 'रोहिणी' नावाची बोट होती ती मला आठवते. डेकवर चटई टाकून जागा धरायची, ट्रंक उशाशी. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, प्रत्येक बंदरावर रात्री-बेरात्री भोंगा. आईला बोट लागायची, तिच्या हातात कायम एक लिंबू. वेंगुर्ला यायचं तेव्हा अजून पुरतं उजाडलेलं नसे. बोट धक्क्याला लागत नसे, पाणी तेवढं खोल नाही, ती बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे. आता खरी मजा. बोट वर जाते तेव्हा पडाव खाली, पडाव वर येतो तेव्हा बोट खाली, आणि खालचा गडी हात वर करून ओरडतो, "सोड पोराक!" वरच्यानं मला बखोटीला धरून सोडलं, खालच्यानं झेललं. त्याच्या अंगाला घाम, विडी आणि माशांचा वास होता. तो वास म्हणजे माझं वेंगुर्ला.

पडावातून पहिल्यांदा काय दिसायचं तर दीपस्तंभ असलेला डोंगर, मग माडांची काळी रेघ, मग कंदील घेऊन उभी असलेली माणसं. त्यातला एक कंदील आमच्या आजोबांचा. गावाचं तोंड तिकडे आहे. तिकडून बघितलं तर बंदर, मग बंदरावरून आत येणारा रस्ता, पेढ्या, बाजार, गाडीअड्डा, आणि पुढे घाटाकडे जाणारी वाट, असं सगळं ओळीनं समजतं. मागून बघितलं तर नुसती दुकानं.

पाऊसवेडी
@जुना_खलाशी काका, यादी मागे घेते. अजून लिहा.

बेळगावकर
गाडीअड्ड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं. माझे पणजोबा बेळगावहून बैलगाड्या घेऊन वेंगुर्ल्याला यायचे. रेल्वे नव्हती तेव्हा बेळगाव भागाचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. घाटावरचा माल आंबोलीवरून खाली उतरायचा, परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी. नंतर १८८० च्या दशकात मार्मागोव्याहून घाट चढणारी रेल्वे झाली आणि माल तिकडे वळला. घात तिथे झाला, लोक उगाच एसटीला आणि हायवेला दोष देतात. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तीही वेंगुर्ल्यात आलीच नाही, कुडाळ आणि मळगाववरून गेली. म्हणजे रेल्वेनं या गावाला दोनदा बगल दिली.

माजघर
दोनदा बगल दिली म्हणूनच वाचलं असं मला वाटतं. नाहीतर आज स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग आणि समोर सात मजली 'सी व्ह्यू' असता.

बेळगावकर
वाचलं म्हणजे कोण वाचलं? तिथल्या पोरांना नोकरीसाठी गोवा नाहीतर मुंबई. जनगणनेत (२०११) गावाची लोकसंख्या जेमतेम १२ हजार. तुम्हाला सुट्टीत शांतता हवी म्हणून गावानं गरीब राहायचं का?

माजघर
असं म्हटलं नाही मी. पण मुद्दा मान्य.

वखारवाला
मला इतिहासाचा किडा आहे त्यामुळे लांब लिहीन, कंटाळा आला तर पुढे जा.

डचांनी १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीनं वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं. कशाला? मिऱ्यांचा, कापडाचा व्यापार वगैरे आहेच, पण खरं कारण दक्षिणेला हाकेच्या अंतरावर आहे, गोवा. डच आणि पोर्तुगीज हाडवैरी. १६३७ पासून १६४४ पर्यंत डच आरमार दर हंगामात मांडवीच्या तोंडाशी जाऊन गोव्याची नाकाबंदी करायचं, आणि त्या जहाजांना गोडं पाणी, तांदूळ, ताजं खाणं, बातम्या, सगळं वेंगुर्ल्याहून. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात इथून गेला, त्यानं गावाचं नाव 'मिंगरेला' लिहिलंय आणि इथे जहाजं पाणी-शिधा भरायला थांबतात हेही नोंदवलंय. नंतर १८१२ ला सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. म्हणजे आज जिथे आपण भेळ खातो तिथून एकेकाळी गोव्याचा गळा आवळला जात होता.

आणि त्या वखारीची आजची अवस्था: जांभ्याच्या दुमजली भिंती उभ्या, वर आभाळ. भिंतीतून झाडाची मुळं अशी उतरलीत की आता मुळं भिंतीला धरून आहेत की भिंत मुळांना, सांगता येत नाही. मुळं काढली तर भिंत पडेल, नाही काढली तर हळूहळू पडेल. संरक्षित स्मारक आहे, म्हणजे पाटी संरक्षित आहे.

तिरफळ
पाटी संरक्षित =)) ह्या बेस्ट.

कोकणी_वाघ
मला एक कळत नाही, डचांच्या वखारीचं आपण कौतुक का करायचं? परके आले, स्वार्थासाठी बांधलं, गेले. त्यांचा वारसा आपला कसा? आपला वारसा म्हणजे देवळं, जत्रा, दशावतार.

वखारवाला
@कोकणी_वाघ बांधली कोणी? चिरे फोडले कोणी, चुना मळला कोणी? डच काय हॉलंडहून पाथरवट घेऊन आले नव्हते. आणि काजू पण परकाच आहे, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. टाकता का काजू?

कोकणी_वाघ
काजूला हात लावू नका.

बोंडू
काजूचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, दीड वर्षांनी.

वेंगुर्ल्याचं नाव आज देशात कुठे घेतलं जात असेल तर ते वखारीमुळे नाही, कलमांमुळे. इथलं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून निघालेल्या काजूच्या जातींची नावंच 'वेंगुर्ला-१', 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशी आहेत. त्यातली 'वेंगुर्ला-१' ही अणसूरच्या एका झाडावरून निवडलेली. 'वेंगुर्ला-४' चा एक पालक 'वेतोरे-५६'. अणसूर आणि वेतोरे ही दोन्ही आपल्याच तालुक्यातली गावं. कोणाच्या तरी परड्यातलं एक झाड चांगलं धरतंय हे कोणीतरी बघितलं, नोंद केली, कलम केलं, आणि आज दुसऱ्या राज्यातला शेतकरी रोपवाटिकेत जाऊन "वेंगुर्ला-सात द्या" म्हणतो, त्याला हे गाव नकाशात कुठे आहे ते माहीत पण नसेल. हापूस आणि नीलमच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबा पण इथलाच.

माझ्या मते कुठल्या गावाचा वारसा म्हणजे दगडच असला पाहिजे असं नाही.

पाऊसवेडी
वाह. आणि आम्ही काजू घ्यायला गोव्याला जातो.

बोंडू
गोव्याच्या पाकिटातला काजू कुठला असतो ते विचारू नका, धागा भरकटेल.

शुद्धलेखन_पोलीस
धागा भरकटलाच आहे तर विचारतो. वेंगुर्ला की वेंगुर्ले? शाळेत 'वेंगुर्ले', नगरपरिषदेच्या बोर्डावर 'वेंगुर्ला'.

तिरफळ
वेंगुर्ल्यात.

शुद्धलेखन_पोलीस
@तिरफळ नाही, मूळ रूप विचारतोय.

तिरफळ
मूळ रूपाक कोण इचारता? वेंगुर्ल्याक जातंय, वेंगुर्ल्यात ऱ्हवतंय, वेंगुर्ल्यासून येतंय. दोनानी सामान्यरूप एकच. शंभर वर्सा भांडण होऊक नाय तां ह्याच कारणान.

शुद्धलेखन_पोलीस
मान गये. बदली मागून घेतो.

ट्रिव्हिया_ताई
एक मजेशीर. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नंतर भारतात अमेरिकेचे राजदूत राहिलेले रॉबर्ट गोहीन यांचा जन्म वेंगुर्ल्याचा. वडील मिशनचे डॉक्टर. जन्मतारीख १५ ऑगस्ट १९१९. कवी मंगेश पाडगावकर पण वेंगुर्ल्यातच जन्मले, १९२९ ला. दहा वर्षांत एवढ्याशा गावात हे दोघं, काय पाणी म्हणायचं.

तिरफळ
पाणी नाय, पेज. उकड्या तांदळाची.

कॅम्पातली
मी सध्या वेंगुर्ल्यात राहते. सध्या म्हणजे जन्मापासून. धागा वाचतेय तीन दिवस, आता राहवत नाही.

सगळे छान लिहिताय. बोटी, कंदील, कौलारू घरं, माजघर, पडवी. त्यातली किती जणं गेल्या पाच वर्षांत पावसाळ्यात इथे आठ दिवस राहिलीत? कौलारू घराचे फोटो टाकणाऱ्या माणसांना सांगते, दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायला लागतात. फुटलेलं कौल बदल, वासा तपास, पन्हळ साफ कर. हे करणारा माणूस आता मिळत नाही. जे होते ते म्हातारे झाले, त्यांची पोरं गोव्यात हॉटेलांत. आमच्याकडे यायचा तो गडी छपरावर मांजरासारखा चालायचा, नळ्याच्या एका आवाजावरून कुठे चीर आहे ते सांगायचा, दोन वर्षं झाली जाऊन. आणि माकडं! टोळी येते, एका उडीत दहा कौलं. गेल्या वर्षी मी रात्री दोन वाजता देवघरात बादली, माजघरात टोप आणि पलंगावर ताडपत्री घालून बसले होते, आणि फोनवर मावसबहीण पुण्याहून म्हणत होती, "काही झालं तरी पत्रे घालू नकोस गं, घराचा कॅरेक्टर जाईल."

या वर्षी पत्रे घातले. वरून निळे आहेत. कॅरेक्टर गेला असेल, पण मी झोपते.

माजघर
…
मी ती मावसबहीण नाही पण असू शकले असते. नाव बदलून घ्यावं म्हणते.

पाऊसवेडी
@कॅम्पातली ताई, सॉरी. खरंच.

कॅम्पातली
अगं सॉरी कशाला. मला पण कौलंच आवडतात. पत्र्यावर पाऊस पडला की टीव्ही ऐकू येत नाही.

चांगलं पण सांगते. डंपिंग ग्राउंड होतं आमच्याकडे, वास यायचा लांबून. आता तिथे कचरा वेगळा करतात, बाग केलीय, बाहेरगावचे नगरसेवक बसनं बघायला येतात. कचरा बघायला पाहुणे येतात असं गाव आहे का दुसरं? आणि इथल्या मांडवी खाडीत आमच्या बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हं मारतात. आधी त्याच बायका त्याच खाडीत कालवं काढायच्या. आजोळकर, तुमच्या मित्राला म्हणावं, पुढच्या वेळी पूल सोड आणि होडीत बस.

आणि तुम्हाला एक विचारू? तुम्ही स्वतः शेवटचे कधी आलेलात?

दांड्यावरचो
मी उभादांड्याचो. मासेमारी घरची. मराठीत लिवतंय, चुकला तर पोलिसान समजून घेवचा.

किल्ला नाही, राजवाडा नाही हे बरोबर. पण रापण बघितली का कोणी? पहाटे होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा गोल मारून येते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. मग दोन्हीकडे माणसं दोरी ओढतात, तास-दीड तास. बायका, म्हातारे, पोरं. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. जाळं पण एकट्याचं नसतं, प्रत्येकाचा तुकडा, जोडून एक रापण. पाहुण्यानं ओढली तर पाहुण्याला पण चार बांगडे. ही माझ्या मते गावाची खरी सहकारी बँक होती, आणि तिच्यात कोणी घोटाळा करून पळाला नाही.

आता रापणी कमी झाल्या. मासळी किनाऱ्याला येण्याआधीच बाहेर पर्ससीनवाले, म्हणजे मोठी घेरजाळी टाकणाऱ्या यांत्रिक बोटी, उचलतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या सरकारी आदेशाने पर्ससीनवर मर्यादा आल्या, एलईडी लाईट लावून मासेमारीला बंदी आहे. कागदावर. रात्री आमच्या अंगणातून समुद्राकडे बघा, बाहेर दिवाळी असते.

बेळगावकर
@दांड्यावरचो, हे वाचून गप्प बसलो. पोलीस काही म्हणणार नाही.

शुद्धलेखन_पोलीस
एकही चूक नाही. (एक आहे. सांगत नाही.)

वखारवाला
समुद्राचं निघालं म्हणून, बाहेर जे खडक आहेत, वेंगुर्ला रॉक्स, 'जळकी बेटं' असं इंग्रजी नकाशावर, तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्या लाळेनं घरटं बांधतात, आणि त्या घरट्यांना परदेशात सूप करायला मागणी, म्हणून त्यांची चोरी व्हायची. म्हणजे या गावावर परदेशी लोकांची नजर डचांनंतरही होतीच, या वेळी पक्ष्याच्या थुंकीवर.

कोकणी_वाघ
देवाचं कोणीच लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. आरवलीचा वेतोबा. शिरोड्याच्या अलीकडे. माणसापेक्षा उंच मूर्ती. नवस फेडायला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला देतात, एकेक चप्पल अशी की माझे दोन्ही पाय एकीत मावतील. रात्री तो गावाच्या हद्दीवर फिरतो, राखण करतो, चपला झिजतात, म्हणून नवीन. आजी सांगायची, रात्री कर्र कर्र आवाज आला तर उठून बघायचं नाही, राखणदार ड्युटीवर आहे.

आणि त्याच्या पुढे शिरोडं. १९३० च्या मे महिन्यात तिथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. शाळेत दांडीच शिकवली, शिरोडं मला बापानं दाखवलं.

तिरफळ
वेतोबाच्या चपला झिजतत, आमच्या नगरसेवकाच्या कित्या झिजत नाय?

ॲडमिन_काका
@तिरफळ राजकारण नको. (पण प्रश्न रास्त आहे.)

पाऊसवेडी
दशावतार कोणीतरी सांगा ना. मी एकदाच पाहिलाय, अर्धा झोपेत.

कॅम्पातली
अर्धा झोपेतच बघायचा असतो! रात्री अकरा-बाराला सुरू, पहाटे दहीकाल्याला संपतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग संकासूर येतो, पोरं घाबरतात, मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. दुपारी कुठलं आख्यान ते ठरतं आणि स्टेजवर उभं राहून प्रत्येकानं आपापलं बोलायचं. सगळी कामं पुरुषांचीच. आमच्या वाडीत एक जण दिवसा वायरमन, रात्री द्रौपदी. एकदा जत्रेत आख्यान रंगात आलेलं आणि लाईट गेली. अंधारात द्रौपदी खालच्या आवाजात म्हणाली, "फ्यूज गेलो असतलो, थांबा," साडी खोचून खांबाकडे गेली, लाईट आणली, परत येऊन "हे माधवा, धाव रे" तिथूनच पुढे. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग रडले. कृष्ण येईपर्यंत मी हसत होते की रडत होते आठवत नाही.

माजघर
हे एकटं पुरेसं आहे. धागा बंद करा.

जुना_खलाशी
बंद करायच्या आधी @कॅम्पातली ताईंनी आजोळकरांना प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आलेलं नाही. माझंही उत्तर लाजिरवाणंच आहे, मी १९९७ नंतर फक्त दोनदा गेलो. एकदा कार्याला, एकदा सातबाऱ्यासाठी. दोन्ही वेळा मागच्या दारानं. बंदरावर दुसऱ्या वेळी मुद्दाम गेलो होतो, पडाव लागायचे ती जागा शोधली. तिथे दोन पोरं रील करत होती. एकाला म्हटलं इथे बोट यायची. तो म्हणाला, "कसली, बनाना?"

तिरफळ
=))
काकानू, रडवलात नि हसवलात एकाच वेळी.

आजोळकर
आलो. दोन दिवस मुद्दाम लिहिलं नाही.

@कॅम्पातली ताई, नऊ वर्षं झाली. आजी गेली तेव्हा. मामा ठाण्यात, मावशी नाशकात, घर बंद. किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, ते अधूनमधून दार उघडतात. मी मित्राला 'माझं आजोळ' म्हणून पाठवलं आणि घर कुठे आहे ते सांगितलंच नाही, कारण त्यानं फोटो काढून पाठवला असता.

काल त्याला डब्याच्या वेळी हा धागा वाचून दाखवला. द्रौपदी वायरमनला तो इतका हसला की ठसका लागला. मग म्हणाला, "तू हे मला जायच्या आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं मला माहीतच नव्हतं यातलं निम्मं. बोटीचं माहीत होतं, आजी सांगायची, रापण ओढलीय पण, काजूचं पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले घर उभं आहे. पाठची पडवी बसली, मधल्या खोलीत पाणी येतं, माकडांनी पश्चिमेची बाजू मोकळी केलीय. वासे बघावे लागतील. मामाशी बोललो, तो म्हणाला तुला करायचं तर कर, मी पैसे घालतो, माझ्याच्यानं चढवणार नाही. तर आता मूळ प्रश्न राहू दे, एक दुसराच प्रश्न आहे. कौलं परतणारा कोणी आहे का? कुडाळ, सावंतवाडी, रेडी, कुठलाही चालेल.

बेळगावकर
पत्रे घाला सरळ. निळे सोडून.

कॅम्पातली
घालायचे तर घाला, पण आधी वासे बघून घ्या. शिवणीचे असतील तर टिकले असतील.

तुळसमध्ये एक आहे म्हणतात, अजून चढतो. माझ्या छपराच्या वेळी मला कळलं नाही, आता कळलंय. आमचे हे उद्या तिकडे जाणार आहेत कोंबे घेऊन, विचारून येतील. त्याची अट असते म्हणे, घरचा एक माणूस खाली उभा पाहिजे कौल द्यायला. म्हणजे तुम्हाला यावं लागेल. मे संपायच्या आत. पाऊस लागला की तो वर जात नाही.

आजोळकर
येतो. १० मे नंतर रजा टाकतो. मित्र पण येतो म्हणतोय, त्याला कौल देता येईल का?

तिरफळ
देवक येयत मां. पण तेका सांग, दोन तासात होवचा नाय.

दांड्यावरचो
पहाटे दांड्यार ये, रापण असली तर फोन करतंय. आणि जुनी कौला फेकू नको. चांगली असतली ती बाजूक लावून ठेव, आमच्या मांगराक लागतली.

आजोळकर
ठेवतो बाजूला. शिडी आहे का कोणाकडे? आमची वाळवीनं खाल्लीय म्हणाले.

कॅम्पातली
आहे. घेऊन जा, पण परत आणून द्या. मागच्या वेळी एकानं नेली ती अजून त्यांच्या फणसाला टेकलेली आहे.